कलम ११७ आणि दोन चाव्या

मलेशियातल्या एका सरकारी कंपनीच्या नियमावलीत ११७ क्रमांकाचं एक कलम होतं. संचालक नेमायचे किंवा काढायचे असोत, नियमावली बदलायची असो, सरकारने दिलेल्या हमीला किंवा राष्ट्रहिताला बाधा येईल असा एखादा मोठा आर्थिक व्यवहार करायचा असो, पंतप्रधानांची लेखी मंजुरी हवी. बस्स, एवढंच. वरवर वाचलं तर हे संरक्षणच वाटतं. पैसा जनतेचा आहे, तेव्हा जनतेने निवडून दिलेल्या सर्वांत मोठ्या माणसाची नजर त्यावर असावी, यात गैर ते काय?

त्या कंपनीचं नाव वन मलेशिया डेव्हलपमेंट बरहाद. जगाला ती वन-एमडीबी म्हणून माहीत झाली. देशाच्या विकासासाठी पैसा उभा करायचा आणि गुंतवायचा, हे तिचं काम. अमेरिकेच्या न्याय खात्याच्या हिशेबाने त्यातून साडेचार अब्ज डॉलर लांबवले गेले. आलिशान नौका, न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसमधली घरं, चित्रं, दागिने, हॉलिवूडच्या एका सिनेमाची निर्मिती, या सगळ्याची वर्णनं भरपूर छापून आली. मला त्या नौकेत फारसा रस नाही. मी बँकेत नोकरी केलेली बाई आहे. माझं लक्ष पुन्हापुन्हा त्या कलमाकडेच जातं.

बँकेत पहिल्या आठवड्यात जे शिकवतात, ते निवृत्त झाल्यावरही अंगातून जात नाही. तिजोरीला दोन चाव्या. एक कॅशियरकडे, एक अधिकाऱ्याकडे, आणि दोघं एकाच वेळी हजर असल्याशिवाय दार उघडत नाही. नोंद एकाने करायची, मंजूर दुसऱ्याने. एक मेकर, दुसरा चेकर. ज्याने व्हाउचर बनवलं त्यानेच ते पास केलं, तर रक्कम बरोबर असली तरी ती चूकच. आणि तिसरी गोष्ट, जिचा सगळ्यांना कंटाळा यायचा, ती म्हणजे सक्तीची रजा. जोखमीच्या जागेवरच्या माणसाने वर्षातून काही दिवस सलग रजेवर जायचंच. आता तर रिझर्व्ह बँकेने ती किमान दहा कामकाजी दिवसांची आणि आधी न सांगता द्यायची, असं ठरवून दिलं आहे. रजा विश्रांतीसाठी नसते. तुमच्या खुर्चीवर दुसरा माणूस बसावा, तुमचे खण त्याने उघडावेत, तुम्ही रोज फिरवत ठेवलेली एखादी नोंद त्या दिवसांत फिरली नाही की ती उघडी पडावी, यासाठी असते. आमच्यातल्या कुणावर अविश्वास होता म्हणून हे नियम नव्हते. प्रामाणिक माणसालाही ते तितकेच लागू होते, आणि त्यामुळेच कुणाला त्यात अपमान वाटत नसे.

आता वन-एमडीबीकडे पाहा. नजीब रझाक एप्रिल २००९ मध्ये पंतप्रधान झाले. अर्थखातंही त्यांच्याकडेच होतं. तेरेंगानू या तेलसंपन्न राज्यासाठी त्याच वर्षी काढलेला निधी केंद्र सरकारने आपल्या ताब्यात घेतला आणि त्याला हे नवं नाव दिलं. कंपनीचे सगळे समभाग अर्थखात्याकडे, म्हणजे मालकाच्या वतीने सही करणार अर्थमंत्री नजीब. कंपनीला दिशा दाखवायला सल्लागार मंडळ, त्याचे अध्यक्ष नजीब. आणि कलम ११७ नुसार शेवटची मंजुरी पंतप्रधान नजीब यांची. मेकर तेच, चेकर तेच, दोन्ही चाव्या त्यांच्याच खिशात. बाकी संचालक मंडळ होतं, व्यवस्थापन होतं, लेखापरीक्षक होते. कागदावर काहीच कमी नव्हतं.

हे सगळं फिस्कटायला किती वेळ लागला? काही महिने. सप्टेंबर २००९ च्या अखेरीस पेट्रोसौदी नावाच्या कंपनीबरोबर संयुक्त प्रकल्पाचा करार झाला. वन-एमडीबीने एक अब्ज डॉलर घालायचे होते. संचालक मंडळाचं म्हणणं, पैसे थेट संयुक्त कंपनीच्या खात्यात जावेत. प्रत्यक्षात तिथे गेले ३० कोटी डॉलर. उरलेले ७० कोटी गुड स्टार नावाच्या कंपनीच्या स्वित्झर्लंडमधल्या खात्यात गेले. ही कंपनी जो लो या तरुण दलालाच्या हातातली. त्याच्याकडे वन-एमडीबीतलं कुठलंही पद नव्हतं. पंतप्रधानांच्या घराशी मात्र त्याची जवळीक होती.

त्या वेळी संचालक मंडळाचे अध्यक्ष होते मोहम्मद बक्के सालेह. मंडळाने ठरवलेलं डावललं गेल्याचं त्यांच्या लक्षात आलं, त्यांनी आक्षेप घेतला आणि ऑक्टोबर २००९ मध्ये राजीनामा दिला. कंपनी नुकतीच उभी राहिली होती. पहिल्याच मोठ्या व्यवहारावर पहिल्याच अध्यक्षांनी खुर्ची सोडली.

मी या माणसाचा बराच विचार करते. त्यांनी जे केलं ते सोपं नव्हतं, आणि बरोबर होतं. पण त्यानंतर काय झालं? काहीच नाही. त्यांच्या जागी दुसरे आले, व्यवहार चालू राहिले, आणि पुढची सहा वर्षं बाहेरच्या जगाला जवळजवळ पत्ता लागला नाही. ‘नाही’ म्हणणारा माणूस निघून गेल्यावर त्याचं ‘नाही’ही त्याच्याबरोबर निघून गेलं. आमच्याकडे चेकरने व्हाउचर अडवलं तर व्हाउचर थांबायचं, चेकर नव्हे. इथे नेमकं उलटं झालं.

मग हेच पुन्हापुन्हा घडत गेलं. अर्न्स्ट अँड यंग या लेखापरीक्षकांनी पेट्रोसौदीच्या व्यवहारावर प्रश्न विचारले, त्यांना बदलण्यात आलं. केपीएमजी आली. पुढे केमन बेटांवरच्या गुंतवणुकीचे कागद मिळेनात म्हणून त्यांनी हिशेबावर सही करायला नकार दिला, त्यांनाही बदललं गेलं. त्यानंतर डेलॉइट. गोल्डमन सॅक्सने २०१२ आणि २०१३ मध्ये वन-एमडीबीसाठी तीन टप्प्यांत साडेसहा अब्ज डॉलरचे रोखे उभे केले आणि त्या कामाचे सुमारे ६० कोटी डॉलर घेतले. इतकी फी कुणी का देतं, हा प्रश्न एखाद्या शाखेतल्या शिकाऊ अधिकाऱ्यालाही पडला असता. तिसरा रोखा मार्च २०१३ मधला. त्याच महिन्यात पंतप्रधानांच्या वैयक्तिक खात्यात ६८.१ कोटी डॉलर जमा झाले. मे महिन्यात निवडणूक होती.

पण मला सर्वांत अस्वस्थ करणारी तारीख २८ जुलै २०१५ ही आहे. त्या महिन्याच्या सुरुवातीला खात्यातल्या रकमेची बातमी फुटली होती. चौकशी सुरू होती. त्या एका दिवसात देशाचे अॅटर्नी जनरल अब्दुल गनी पताईल यांना पदावरून दूर केलं गेलं. प्रकृतीचं कारण देण्यात आलं. उघडपणे प्रश्न विचारणारे उपपंतप्रधान मुह्यिद्दीन यासीन मंत्रिमंडळाबाहेर गेले. आणि संसदेच्या लोकलेखा समितीचे अध्यक्ष नूर जझलान, जे या प्रकरणाची चौकशी चालवत होते, त्यांना उपमंत्री केलं गेलं. समिती तिथेच थबकली. पुढच्या जानेवारीत नव्या अॅटर्नी जनरलनी जाहीर केलं की ती रक्कम सौदी राजघराण्याची भेट होती आणि पंतप्रधानांनी काहीही बेकायदा केलेलं नाही. महालेखापालांचा वन-एमडीबीवरचा अहवाल तयार होता, तो गोपनीयतेच्या कायद्याखाली बंद करून ठेवला गेला.

यातली प्रत्येक कृती पंतप्रधानांच्या किंवा त्यांच्या सरकारच्या अधिकारात होती. मंत्री बदलणं, समितीच्या सदस्याला बढती देणं, अहवाल गोपनीय ठरवणं, यांत कुठेही कुलूप तोडावं लागलं नाही. कार्यकारी सत्तेच्या हातात गुंतवणुकीचा निधी दिला की धोका फक्त पैसा चुकीच्या जागी गुंतवला जाण्याचा नसतो. पैशाची चौकशी करणाऱ्या माणसांच्या नेमणुकाही त्याच हातात असतात. खासगी कंपनीचा मालक भ्रष्ट निघाला तर पोलीस त्याच्या दारात जातात. इथे पोलीस, वकील, लेखापाल, सगळेच त्याच दारातून पगार घेतात.

९ मे २०१८. स्वातंत्र्यापासून मलेशियात सलग सत्तेवर असलेली आघाडी पहिल्यांदा हरली. महालेखापालांचे ते कुलूपबंद कागद काही दिवसांत खुले झाले. जूनमध्ये पोलिसांनी नजीब यांच्याशी संबंधित घरांमधून जप्त केलेल्या वस्तूंची यादी दिली: ११.६७ कोटी रिंगिट (मलेशियाचं चलन) रोख, ५६७ हँडबॅगा, ४२३ घड्याळं आणि हजारो दागिने. खटले उभे राहिले. एसआरसी इंटरनॅशनल या वन-एमडीबीच्या जुन्या उपकंपनीच्या प्रकरणात २०२० मध्ये नजीब दोषी ठरले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये तुरुंगात गेले. पुढे माफी मंडळाने त्यांची १२ वर्षांची शिक्षा सहा वर्षांवर आणली. डिसेंबर २०२५ मध्ये मुख्य वन-एमडीबी खटल्यातही ते दोषी ठरले आणि १५ वर्षांची शिक्षा झाली. जो लो मात्र अजून सापडलेला नाही.

लोक याला लोकशाहीचा विजय म्हणतात, आणि मला तो आनंद खरा वाटतो. पण आमच्या सक्तीच्या रजेच्या हिशेबाने पाहिलं तर काय दिसतं? त्या खुर्चीवर दुसरा माणूस बसला आणि खण उघडले गेले. तोवर नऊ वर्षं गेली. आणि ती रजा देणारा कुठलाही नियम नव्हता, ती मतदारांनी दिली. २०१३ मध्ये हेच मतदार मतदानाला गेले होते, तेव्हा ती आघाडी एकूण मतांत मागे पडूनही जागांवर जिंकली. समजा २०१८ मध्येही तसंच झालं असतं तर? कागद आजही बंदच असते.

हे परक्या देशाचं म्हणून बाजूला ठेवता येत नाही. मुंबईत बँकेत काम केलेल्या कुणालाही २००१ चा जुलै आठवतो.

लोकांची बचत गोळा करून गुंतवणारी युनिट ट्रस्ट ऑफ इंडिया, म्हणजे युटीआय, संसदेच्या १९६३ च्या कायद्याने जन्माला आली आणि पुढच्या वर्षी यूएस-६४ ही योजना सुरू झाली. मध्यमवर्गीय घरात ‘युनिट्स’ हा शब्द मुदत ठेवीच्या बरोबरीने उच्चारला जायचा. मुलीच्या नावाने युनिट्स, निवृत्तीच्या पैशातून युनिट्स. जुलैत भाव उतरलेला असायचा, मग महिन्यामहिन्याने थोडा थोडा चढायचा, आणि लाभांश वेळेवर यायचा. पण तो भाव ठरवायचं कोण? बाजार नव्हे. ट्रस्ट स्वतः ठरवायची. योजनेत असलेल्या शेअर-रोख्यांची खरी किंमत आणि युनिटचा जाहीर भाव यांचा मेळ घालायची सक्ती नव्हती. शेअर बाजाराची नियामक सेबी बाकीच्या म्युच्युअल फंडांवर देखरेख ठेवत होती. यूएस-६४ स्वतःच्या कायद्याच्या आडोशाला होती. अध्यक्षांची नेमणूक केंद्र सरकारची. बाजार कोसळायला लागला की युटीआयने खरेदी करून तो सावरायचा, हे दलाल स्ट्रीटवर गृहीतच धरलेलं असायचं.

पहिला झटका १९९८ मध्ये बसला. योजनेची गंगाजळी एक हजार कोटींहून अधिक उणे झाल्याचं बाहेर आलं. दीपक पारेख यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. समितीने जे सांगितलं त्याचा गाभा साधा होता: काही वर्षांत भाव खऱ्या मालमत्तेच्या मूल्याशी जोडा. सरकारने ३,३०० कोटींची मदत केली. आणि भाव जोडण्याचं काम मागे पडलं.

मग २००१ च्या एप्रिल-मेमध्ये चार हजार कोटींहून जास्त रकमेची युनिट्स परत विकली गेली, त्यात मोठा वाटा कंपन्यांचा. भाव तेव्हा चौदा रुपयांच्या वर होता. खरं मूल्य दर्शनी दहा रुपयांच्याही खाली. म्हणजे जे वेळेवर बाहेर पडले त्यांचा जास्तीचा पैसा आत राहिलेल्यांच्या खिशातून गेला. २ जुलैला युटीआयने जाहीर केलं की सहा महिने यूएस-६४ ची खरेदी-विक्री बंद. अध्यक्ष पी. एस. सुब्रमण्यम यांना लगोलग पद सोडावं लागलं, एम. दामोदरन आले.

त्या आठवड्यात आमच्या शाखेत एक गृहस्थ आले होते. गिरणीत टाइमकीपर होते, असं त्यांनी सांगितलं. दुधाच्या पिशवीत, दोन घड्या घालून, सर्टिफिकेटं आणली होती. काउंटरवर ठेवताना त्यांनी आधी रुमालाने फळी पुसली. “बाई, ह्याच्यावर काही उचलता येईल का? मुलाची फी भरायचीय या महिन्यात.” युनिटवर कर्ज एरवी सहज मिळायचं. मी साहेबांकडे जाऊन आले आणि त्यांना नाही म्हणून सांगितलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, “पण हे तर सरकारचं आहे ना?” आणि मी उत्तर देईन म्हणून थांबले. मी त्यांना सांगितलं की पैसे बुडणार नाहीत, थोडा काळ जाईल. ते मनापासून सांगितलं होतं. पण त्यांनी विचारलं होतं ते वेगळंच होतं, आणि त्याचं उत्तर काउंटरच्या अलीकडे कुणापाशीच नव्हतं.

पुढे लहान गुंतवणूकदारांना ठरावीक संख्येपर्यंत युनिट्स दहा रुपयांपासून वाढत जाणाऱ्या भावाने परत करण्याची सोय झाली. २००२ च्या अखेरीस युटीआयचा कायदाच रद्द झाला, संस्था दोन तुकड्यांत विभागली, आणि पुढे यूएस-६४ ची युनिट्स पाच वर्षांच्या ६.७५ टक्क्यांच्या करमुक्त रोख्यांत बदलली गेली. न्याय म्हणून हेही सांगायला हवं की सरकारने स्वतःकडे घेतलेल्या भागात आयटीसी, एल अँड टी आणि आज अॅक्सिस नावाने चालणाऱ्या बँकेचे शेअर होते. त्यांची किंमत नंतर इतकी वाढली की सरकारी तिजोरीला त्यातून भरघोस मिळालं. गुंतवणूक सगळीच वाईट नव्हती. भाव ठरवणारा, भाव तपासणारा आणि भावावरून जाब विचारणारा, या तिघांना वेगवेगळं ठेवलं असतं तर त्या दुधाच्या पिशवीतल्या सर्टिफिकेटांवर त्याच महिन्यात कर्ज मिळालं असतं.

युटीआय आणि वन-एमडीबी यांना मी एकाच तराजूत घालत नाही. तिकडे लूट झाली, इकडे प्रामुख्याने लपवाछपवी आणि लांबणीवर टाकणं. पण दोन्हीकडे चेकर गैरहजर होता.

मग सरकारने पैसा गुंतवूच नये का? मी तसं म्हणणार नाही. नॉर्वेचं उदाहरण समोर आहे. तेलाचा पैसा साठवण्यासाठी त्यांनी १९९० मध्ये कायदा केला, १९९६ मध्ये पहिली रक्कम जमा केली, आणि आज तो जगातला सर्वांत मोठा असा निधी आहे. मालकी अर्थखात्याची, कारभार मध्यवर्ती बँकेच्या एका विभागाकडे, मोठे नियम संसद ठरवते. एक तरतूद मला विशेष शहाणपणाची वाटते: हा निधी नॉर्वेत गुंतवताच येत नाही. सगळा पैसा देशाबाहेर. मंत्र्याला आपल्या मतदारसंघात त्यातून कारखाना काढता येत नाही, मेव्हण्याच्या कंपनीचे शेअर घ्यायला लावता येत नाहीत, निवडणुकीआधी बाजार उचलता येत नाही. कोणत्या कंपनीत किती आहे ही यादी सगळ्यांसाठी खुली असते.

पण मला पटलं ते २०२० मध्ये घडलेल्या गोष्टीने. निधीचे प्रमुख म्हणून निकोलाय टांगेन यांची निवड झाली. लंडनमध्ये स्वतः उभारलेल्या गुंतवणूक कंपनीत त्यांची मोठी भागीदारी होती, ती तशीच ठेवून ते येणार होते. मध्यवर्ती बँकेवर देखरेख ठेवायला संसदेने नेमलेली एक परिषद आहे. तिने आक्षेप घेतला. हितसंबंध गुंतलेले आहेत, हे चालणार नाही. उन्हाळाभर वाद चालला. शेवटी टांगेन यांनी आपला हिस्सा सोडला आणि मगच सप्टेंबरमध्ये खुर्चीवर बसले. माणूस हुशार होता, त्याच्यावर चोरीचा संशय कुणी घेतलेला नव्हता. तरीही परिषदेने ‘नाही’ म्हटलं, आणि म्हटल्यानंतर परिषद जागेवर राहिली. बक्के सालेह यांच्या ‘नाही’च्या मागे असं काहीच उभं नव्हतं. दोघांमधला फरक धैर्याचा आहे असं मला वाटत नाही.

मलेशियाला मात्र हिशेब अजून भरायचा आहे. गोल्डमन सॅक्सने २०२० मध्ये ३.९ अब्ज डॉलरची तडजोड केली, त्यात अडीच अब्ज रोख. काही मालमत्ता परत आली. एसआरसीचं प्रकरण तर थेट पेन्शनच्या पैशाचं: सरकारी कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिनिधीतून त्या कंपनीने २०११ आणि २०१२ मध्ये चार अब्ज रिंगिट कर्जाऊ घेतले, सरकारची हमी दाखवून. आणि मे २००९ मध्ये, वन-एमडीबी हे नाव मिळण्याच्याही आधी, तेरेंगानूच्या त्या मूळ निधीने पाच अब्ज रिंगिटचे रोखे काढले होते, तेही केंद्र सरकारच्या हमीवर. मुदत ३० वर्षं. ते फेडायचे आहेत २०३९ मध्ये. त्या वर्षी कर भरणाऱ्यांमध्ये २००९ नंतर जन्मलेली मुलंही असतील.

२०२५ च्या फेब्रुवारीत इंडोनेशियाने दानान्तारा नावाचा निधी काढला. देशातल्या सरकारी कंपन्या त्याच्या पंखाखाली, आणि निधी थेट राष्ट्राध्यक्षांना उत्तरदायी. त्याचे प्रमुख रोसान रोस्लानी त्याच वेळी गुंतवणूक मंत्रीही. हेतू चांगला असेल, आणि मी तसंच धरून चालते. आपल्याकडे मुंबईत एनआयआयएफ, म्हणजे पायाभूत सुविधांसाठीचा राष्ट्रीय गुंतवणूक निधी, २०१५ पासून आहे. तिथे केंद्राचा हिस्सा ४९ टक्क्यांवर ठेवला आहे आणि बाकी भांडवल बाहेरच्या गुंतवणूकदारांचं आहे, ही जमेची बाजू. वर देखरेखीला जी परिषद आहे तिच्या अध्यक्षपदी मात्र केंद्रीय अर्थमंत्री असतात. राज्यंही आता असे निधी काढण्याची भाषा करू लागली आहेत. अशी घोषणा झाली की वर्तमानपत्रं आकडा छापतात, इतके हजार कोटी. मी त्या बातमीत तीन गोष्टी शोधते आणि त्या बहुधा सापडत नाहीत. भाव आणि हिशेब कोण तपासणार? त्या माणसाला काढण्याचा अधिकार कुणाकडे? आणि त्याने सही करायला नकार दिला तर थांबणार कोण, व्यवहार की तो?